महानगराचे श्रम आणि यवतमाळचा माणूस

(व्याख्यानाचा संपादित भाग)



महानगर कोणाचे, हा प्रश्न महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात अधूनमधून उसळून वर येतो. निवडणुका जवळ आल्या की त्याला विशेष धार चढते. २००८ साली तर या प्रश्नाने हिंसक वळण घेतले आणि मुंबई, पुणे, नाशिक येथून उत्तर भारतीय मजूर गाड्या भरभरून आपापल्या गावी परतले. त्यानंतर शहरातील कामगारवर्गात बाहेरच्यांचा वाटा किती, यावर बरीच चर्चा झाली. राज्य शासनाचे उद्योगांसाठीचे जुने धोरणही त्याच वर्षी नव्याने बजावण्यात आले. पर्यवेक्षकीय जागांवर ५० टक्के आणि इतर जागांवर ८० टक्के स्थानिक असावेत, पंधरा वर्षे राज्यात वास्तव्य असलेला तो स्थानिक, असे हे धोरण आहे.

ही सारी चर्चा शहराच्या वेशीवर उभे राहून होते. त्या वेशीतून आत येणारा तेवढा दिसतो. तो कोणत्या घराला कुलूप लावून निघाला, हे दिसत नाही. यवतमाळ जिल्ह्यातून हाच प्रश्न पाहिला तर त्याचे रूप पालटते. कारण हा जिल्हा माणसे पाठवणारा आहे. पुसद, उमरखेड, महागाव, दिग्रस, आर्णी, दारव्हा या पट्ट्यातील तांडे आणि वाड्या दिवाळीनंतर रित्या होऊ लागतात. कोणी ऊसतोडीला जाते, कोणी वीटभट्टीवर, तर कोणी पुणे, मुंबई आणि हैदराबादच्या बांधकामांवर. महानगराच्या श्रमात परक्यांचा वाटा किती, हे विचारणाऱ्याने ध्यानात घ्यावे की त्या 'परक्यां'त यवतमाळचा माणूसही मोजला जातो.

मुंबईचा हिशेब

या विषयात सर्वांत जुना आणि बोलका दाखला मुंबईचा आहे. १९२१ च्या जनगणनेत मुंबईतील दर शंभर माणसांपैकी सुमारे ८४ माणसे शहराबाहेर जन्मलेली होती. गिरणगाव उभे राहिले ते मुख्यतः कोकण आणि घाटावरच्या मनगटांवर. विसाव्या शतकाच्या आरंभी कापड गिरण्यांतील जवळजवळ निम्मे कामगार एकट्या तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातले होते. पुढे हे प्रमाण उतरत गेले. १९६१ मध्ये मुंबईच्या लोकसंख्येत स्थलांतरितांचा वाटा सुमारे ६४ टक्के होता, २००१ मध्ये तो ४४ टक्क्यांच्या आसपास आला.

आकडा उतरला म्हणून ओघ आटला, असा अर्थ मात्र काढता येत नाही. रत्नागिरीहून आलेल्या गिरणी कामगाराचा मुलगा परळच्या चाळीत जन्मला की जनगणनेत तो मुंबईकर होतो. एका पिढीचा परका पुढच्या पिढीत स्थानिक ठरतो. शिवाय मुंबईत जागा उरली नाही तेव्हा येणारा माणूस ठाणे, वसई-विरार, नवी मुंबईकडे वळला. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या साडेसात टक्क्यांनी घटली आणि ठाणे जिल्ह्याची ३६ टक्क्यांनी वाढली. त्याच दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या कमी झाली. एका तागडीत वजन पडते तेव्हा दुसरी वर जाते, इतका हा सरळ हिशेब आहे.

आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. २००१ मध्ये मुंबईत बाहेरून आलेल्यांपैकी सुमारे ३७ टक्के माणसे महाराष्ट्राच्याच इतर जिल्ह्यांतून आलेली होती. उत्तर प्रदेशाचा वाटा सुमारे चोवीस टक्के होता आणि तो १९६१ च्या तुलनेत दुपटीने वाढलेला होता, हे खरे. तरीही मुंबईला माणसे पुरवणारे सर्वांत मोठे राज्य महाराष्ट्रच होते.

हे प्रमाण लोकसंख्येतले आहे. कामगारांतील वाटा पाहावयाचा तर तो याहून मोठाच असणार, कारण कामासाठी येणारा माणूस कमावत्या वयाचा असतो. म्हातारे आईवडील तो गावी ठेवतो आणि पुष्कळदा मुलेही. लहान मुले व वृद्ध यांचा भार शहराच्या लोकसंख्येत जितका दिसतो, तितका तो स्थलांतरितांच्या वस्तीत दिसत नाही. माणूस वाढवण्याचा खर्च गाव करते, त्याच्या कमावत्या वर्षांचे फळ शहर घेते आणि हातपाय थकले की त्याला पुन्हा गावाच्या स्वाधीन करते. महानगराच्या ताळेबंदात या खर्चाचे खाते कोठेच उघडलेले नाही.

फेब्रुवारीतील रिकामी घरे

जे कायमचे गेले त्यांची नोंद निदान होते. जे सहा महिन्यांसाठी जातात त्यांचे काय? २०११ च्या जनगणनेची प्रत्यक्ष मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचा भर हंगाम. वीटभट्ट्या पेटलेल्या असतात, बांधकामे जोरात असतात. त्या दिवसांत तांड्यावरच्या अनेक घरांना कुलूप असते. मजूर जेथे असेल तेथे त्याची गणना व्हावी, असा नियम आहे. प्रत्यक्षात उसाच्या फडालगतच्या खोपटात किंवा अर्धवट इमारतीखालच्या पत्र्याच्या खोलीत प्रगणक पोहोचेलच, याची शाश्वती कोणी द्यावी? ठेकेदाराला आपल्या मजुरांची नेमकी संख्या सांगण्यात रस नसतो आणि मजुराला आपण मोजले गेलो की नाही, याची कल्पनाही नसते.

जो मोजला जात नाही, त्याच्यासाठी धान्य येत नाही, शाळा येत नाही, दवाखानाही येत नाही. पुढील जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ही आहे. म्हणजे ऋतू तोच राहणार. कार्यकर्त्यांनी ही तारीख आजच टिपून ठेवावी.

कापसामागे माणूस

यवतमाळ हा २०११ च्या गणनेनुसार २७ लाख ७२ हजार वस्तीचा, सोळा तालुक्यांचा जिल्हा. त्याचे क्षेत्रफळ साडेतेरा हजार चौरस किलोमीटरहून अधिक आहे. जमीन काळी आणि पीक कापसाचे. परंतु शेती बहुतांशी पावसाच्या भरवशावर. मुर्तिजापूर ते यवतमाळ ही ११३ किलोमीटरची अरुंद रेल्वे, जिला पुढे 'शकुंतला' म्हणून लोकांनी जीव लावला, ती ब्रिटिश कंपनीने घातली तीच मुळी वऱ्हाडचा कापूस बंदराकडे नेण्यासाठी. पांढरे सोने बाहेर गेले आणि त्यावरची प्रक्रियाही बाहेरच झाली. पुढे लोहारा औद्योगिक वसाहतीत कापड उद्योग आला, जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने चालले. परंतु एवढ्या मोठ्या जिल्ह्याच्या हातांना पुरेल इतके काम त्यातून उभे राहिले नाही. आधी कापूस गेला आणि कापसामागोमाग माणूसही निघाला.

वर्धा-यवतमाळ-नांदेड या रुंद रेल्वेमार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. मार्ग पूर्ण होईल तेव्हा त्याने दोन्ही गोष्टी घडू शकतात. उद्योग जिल्ह्यात येऊ शकतो किंवा मजूर अधिक वेगाने जिल्ह्याबाहेर जाऊ शकतो. रूळ दोन्ही दिशांना सारखेच धावतात. त्यावरून काय धावेल, हे आज जिल्ह्यात काय उभे राहते यावर ठरेल.

येथून जाणाऱ्यांत बंजारा समाजाचे प्रमाण मोठे आहे. या समाजाच्या प्रवासाचा इतिहास उद्बोधक आहे. शेकडो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर नेणारे हे लोक एके काळी हिंदुस्थानच्या व्यापाराचे चाक होते. पक्क्या सडका आणि रेल्वे आल्या आणि त्यांचा व्यवसाय बुडाला. त्यातच १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रज राजवटीने भटक्या समाजांवर कलंकाची मुद्रा उमटवली. तो कायदा स्वतंत्र भारतात १९५२ साली रद्द झाला. पूर्वी हा माणूस स्वतःचे बैल घेऊन, स्वतःच्या नायकामागे, स्वतःचा व्यापार करीत फिरत असे. आज तो मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून, दुसऱ्याच्या हिशेबावर फिरतो. तांड्याचा नायक आणि टोळीचा मुकादम यांच्यामधले अंतर म्हणजेच या समाजाची दीडशे वर्षांची कहाणी.

उचल नावाची साखळी

'येथे वेचणीला माणूस मिळत नाही आणि हे लोक पुण्याला कशाला जातात?' असा प्रश्न शेतकरी विचारतो. त्याचा प्रश्न खोटा नाही. तोही अडचणीत आहे. या जिल्ह्यातील शेतकरी आत्महत्यांनी देश हादरला आणि २००६ साली विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर करावी लागली, हे सर्वांना स्मरत असेल. परंतु मजुराची बाजूही समजून घेतली पाहिजे. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, थोडे थोडे मिळतात आणि वेचणी काही आठवड्यांत संपते. मुकादम मात्र दसरा-दिवाळीच्या सुमारास एकरकमी उचल हातावर ठेवतो. बहिणीचे लग्न, आईचे दुखणे, बियाण्याचे देणे यासाठी लागते ती एकरकमी रक्कमच. ज्याला बँक दारात उभी करत नाही, त्याला मुकादम घरी येऊन पैसे देतो. त्या पैशाचे व्याज मजूर अंगमेहनतीने फेडतो. हंगाम संपला तरी उचल फिटत नाही, मग उरलेली बाकी पुढच्या हंगामावर चढते. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने नष्ट झाली. उचलीचे कर्ज पाहिले म्हणजे ती नष्ट होऊन नेमकी कोठे गेली, याचा शोध घ्यावासा वाटतो.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. श्रम दोघांचे, पण उचल आणि हिशेब बहुधा पुरुषाच्या नावावर. पहाटे स्वयंपाक आवरून ती फडात जाते, दिवसभर मोळ्या बांधते, त्या डोक्यावर वाहून गाडीत भरते आणि रात्री पुन्हा चूल पेटवते. तिच्या या श्रमाची स्वतंत्र नोंद बहुधा कोठेच होत नाही.

मुलांची गोष्ट याहून कठीण. शाळा जूनमध्ये सुरू होते, मूल दिवाळीनंतर आईबापांबरोबर जाते, उन्हाळ्यात परत येते तोवर वर्ष संपलेले असते. २०१० पासून शिक्षण हा प्रत्येक बालकाचा हक्क झाला, पण तो हक्क गावच्या शाळेच्या हजेरीपटावर राहतो आणि मूल दूर कोठेतरी धाकट्या भावंडाला सांभाळत बसते. साखर कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या हे चांगले झाले. वीटभट्टीवर आणि बांधकामावर तेवढीही सोय क्वचितच होते. मुलांना गावातच ठेवून दोन वेळच्या जेवणाची व अभ्यासाची व्यवस्था करणारी हंगामी वसतिगृहे हा त्यावरचा खरा उपाय. ती वेळेवर, म्हणजे ट्रक निघण्यापूर्वी सुरू झाली तरच उपयोगी पडतात.

कायद्याची सीमा

आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली कायदा झाला. नोंदणी, प्रवासभत्ता, निवारा हे सारे त्यात होते. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली आहे. परंतु दोन्हींतील मूळ शब्द 'आंतरराज्य' हाच आहे. परिणामी पांढरकवड्याचा मजूर पैनगंगा ओलांडून हैदराबादला गेला तर तो या तरतुदींच्या कक्षेत येऊ शकतो. तोच मजूर त्याहून दूरच्या पुण्यास गेला तर येत नाही, कारण त्याने राज्याची सीमा ओलांडलेली नसते. आपल्याच राज्यात दूरदेशी गेलेल्या माणसाला कायद्याच्या भाषेत नावच नाही.

बांधकाम कामगारांसाठी राज्यात कल्याणकारी मंडळ आहे. त्याच्या नोंदणीसाठी वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. दर महिन्याला नवी साईट आणि नवा ठेकेदार असलेल्या बिगाऱ्याने तो कोणाकडून आणावा? आपल्या शेजारच्या आर्वीचे दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ साली भारतीय मजदूर संघाची स्थापना केली. कारखान्याच्या फाटकावर संघटना उभी राहू शकते, कारण तेथे रोज तीच माणसे येतात. हंगामी मजुराला फाटकच नसते. म्हणून त्याची संघटना त्याच्या गावातच बांधावी लागेल.

२०२० चा आरसा

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि शहरांनी इतकी वर्षे न पाहिलेली माणसे एकदम रस्त्यावर दिसू लागली. ८ मे रोजी औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. ते मध्य प्रदेशातले होते आणि जालन्यात कामाला होते. १९ मे रोजी आपल्याच आर्णी तालुक्यात सोलापूरहून मजुरांना घेऊन निघालेली बस ट्रकवर आदळली आणि चौघांचा मृत्यू झाला. ते झारखंडकडे निघालेले होते. यवतमाळच्या मातीत परप्रांतीय मजुराचे रक्त सांडले, तेव्हा यवतमाळचे मजूरही कोठल्यातरी परक्या रस्त्यावरून असेच चालत होते.

त्या काळात समाजाची दोन्ही रूपे दिसली. महामार्गालगतच्या माणसांनी भाकरी दिली, पाणी दिले, अनवाणी पायांना चपला दिल्या. आणि राज्यात अनेक गावांनी आपल्याच परतणाऱ्या माणसांसाठी रस्त्यावर काट्याकुपाट्या टाकल्या. हैदराबादने त्याला परप्रांतीय म्हटले, पुण्याने बाहेरचा म्हटले आणि जन्मगावाने 'आता येऊ नकोस' म्हटले. मग तो कोठला? घटनेने प्रत्येक भारतीयाला देशात कोठेही जाण्याचा, राहण्याचा आणि व्यवसाय करण्याचा अधिकार दिला आहे. कागदावरचा हा अधिकार त्या वाटसरूच्या कामी आला नाही. कामी आला तो ज्याने दार उघडले तो माणूस.

यातून एक कसोटी हाती येते. पुण्याच्या मजूर अड्ड्यावर महागावच्या माणसाला जी वागणूक मिळावी असे वाटते, तीच वागणूक वणीच्या कोळसा खाणपट्ट्यात आणि यवतमाळच्या बांधकामांवर आलेल्या दुसऱ्या प्रांतांतील माणसाला मिळाली पाहिजे. एका देशाचे लोक म्हणवून घ्यावयाचे तर ही कसोटी टाळता येणार नाही. स्थानिक तरुणाच्या रोजगाराची चिंता रास्त आहे. तिचे उत्तर त्याला कौशल्य आणि भांडवल देण्यात आहे. दुसऱ्या उपाशी माणसाला हाकलण्यात ते सापडलेले नाही.

करावयाचे काय?

गिरणगावच्या इतिहासात एक धडा आहे. कोकणातला कामगार मुंबईत एकटा नव्हता. गावकीची खोली होती, खानावळ होती, गावाच्या नावाचे मंडळ होते. आजारी पडला तर चौघे धावत, काम गेले तर महिनाभर पोट भरे, मेला तर निरोप घरी पोहोचे. यवतमाळच्या मजुराला महानगरात मुकादमाखेरीज कोणी नाही. यवतमाळ, पुसद, वणीची शिकलेली मुले पुण्यात आणि हैदराबादेत नोकऱ्या करतात. त्याच शहरात, कदाचित त्यांच्याच इमारतीच्या पायाशी, त्यांच्या तालुक्याची माणसे राबत असतात. या दोघांची गाठ घालून देणे हे काम अवघड नाही.

दसऱ्यापूर्वी प्रत्येक तांड्यात एक नोंदवही असावी. कोण जातो, कोठे जातो, कोणाबरोबर जातो, उचल किती घेतली, मागे घरी कोण आहे, एवढी नोंद पुरे. त्या नोंदीच्या आधारे हंगामी वसतिगृहाची मागणी वेळेत करता येते. शिधापत्रिकेवरचे धान्य दुसऱ्या गावी मिळण्याची सोय २०१९ पासून टप्प्याटप्प्याने झाली आहे. ती मजुराला समजावून सांगता येते. पगार बुडाला किंवा अपघात झाला तर कोणाला गाठावे, हे कळते. आणि २०२७ च्या फेब्रुवारीत प्रगणक आला म्हणजे कुलूपबंद घरामागची माणसे कोठे आहेत, हे सांगणारा कोणीतरी गावात असतो. यवतमाळात पारधी समाजाच्या मुलांसाठी वसतिगृह चालवून दाखवणारे कार्यकर्ते आहेत. त्यामुळे हे काम येथे अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये.

राहता राहिला गावातील रोजगार. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमीचा मार्ग धरला. तेव्हा मुख्यमंत्री होते पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक. पुढे त्याचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला आणि २००५ साली देशाने तोच विचार स्वीकारला. त्या देशव्यापी योजनेच्या पहिल्या २०० जिल्ह्यांत यवतमाळ होते. कामाचा हक्क देशाला ज्या मातीने शिकवला, त्याच मातीतील तांडे आजही कामासाठी बाहेर पडतात. कारण उचल आधी मिळते आणि सरकारी कामाची मजुरी मागाहून, पुष्कळदा बरीच मागाहून. कापूस संपताच काम सुरू झाले आणि आठवड्याचा दाम आठवड्याला हातावर पडला, तर मुकादमाचा ट्रक अर्धा रिकामा जाईल.

माणसाने गाव सोडूच नये, असा आग्रह कोणी धरू नये. ज्याला मोठी झेप घ्यावयाची आहे त्याने अवश्य जावे. पण जाणे हे त्याच्या इच्छेने असावे आणि परतण्याची वाट उघडी असावी. महानगरातील श्रमाचा वाटा कोणाचा किती, हे अभ्यासक मोजत राहतील. त्या श्रमाच्या फळात श्रम करणाऱ्याचा वाटा किती, हा त्याहून मोठा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्याचे काम यंदाच्या दसऱ्यापूर्वी, आपापल्या गावातील पहिल्या तांड्यापासून सुरू व्हावे.